ठासणीच्या बंदुकीची नवी नळी: पहिल्या दिवसापासून कशी सांभाळायची

यंदा आमच्या पाटण भागात ओळखीच्या तिघांना शेतीच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा, म्हणजे नळीच्या तोंडातनं दारू-गोळी ठासून भरायच्या बंदुकीचा, परवाना मिळाला आणि तिघांनीही मला एकच विचारलं, नळी धुवायची कशानं? एकजण म्हणाला डिझेलनं, एकजण म्हणाला रॉकेल कुठनं तरी मिळवतो, तिसऱ्याला कुणीतरी सांगितलेलं की पाणी अजिबात लावू नका, नुसतं तेल मारून ठेवा. म्हणून एकदाच नीट लिहून काढतोय. उत्तर आधीच सांगतो, पाणी. कोमट पाणी आणि थोडा साबण. लोखंडाला पाणी लावायचं म्हटलं की माणूस दचकतो, मीपण दचकलो होतो, आणि त्या दचकण्यापायीच माझी पहिली नळी खराब झाली.

ते असं झालं. जुलै महिना, भुईमुगाच्या राखणीला होतो, रात्री डुकरांचा कळप उठवायला दोन बार काढले. घरी आलो तेव्हा पहाट झालेली, अंगावर सगळा चिखल. नळीतनं डिझेलचा बोळा दोनदा फिरवला, वरनं तेल लावलं, गवसणीत घातली आणि कोपऱ्यात उभी केली. चार दिवसांनी काढून बघितली तर नळीच्या बुडाशी लालभडक गंज, आणि तो पुसल्यावर खाली बारीक बारीक खड्डे. ते खड्डे आजतागायत आहेत, काय केलं तरी जात नाहीत. त्या खड्ड्यांत दरवेळी राख अडकते आणि तिथंच परत गंज धरतो.

आता हे का होतं ते समजून घ्या, मग पुढचं सगळं आपोआप कळेल. काळी दारू म्हणजे ढोबळमानानं ७५ भाग सोरा (पोटॅशियम नायट्रेट), १५ भाग कोळसा आणि १० भाग गंधक. ही पेटली की सगळी धूर होऊन जात नाही, वजनाच्या निम्म्याहून जास्त भाग घन स्वरूपात मागं उरतो, थोडा धुरातनं बाहेर पडतो आणि बाकीचा नळीला चिकटतो. त्यात पोटॅशियमचे क्षार असतात, कार्बोनेट, सल्फेट वगैरे, म्हणजे एका अर्थानं मीठच की. मीठ पावसाळ्यात कसं बरणीत पाणी सोडतं बघितलंय ना, तसंच हे क्षार हवेतला ओलावा ओढून घेतात आणि लोखंडाला लावून ठेवतात. शिवाय टोपीच्या, म्हणजे घोडा आपटला की ठिणगी देते त्या छोट्या टोपीच्या, मसाल्यात पोटॅशियम क्लोरेट असेल तर त्याची आणखी भर. मीठ कशात विरघळतं? पाण्यात. डिझेलमध्ये नाही, तेलात नाही. तेल मारलं की राख तेलाखाली झाकली जाते, डांबरासारखी चिकट होते आणि खाली तिचं काम चालू राहतं. बस, एवढंच गणित आहे.

आधी कागद

हे थोडक्यात सांगतो. शस्त्र कायदा १९५९ चा आणि सध्याचे नियम २०१६ चे. नळीवरचा नंबर, मेकरचं नाव आणि प्रूफ टेस्टचा (नळी दाब सोसते का ह्या तपासणीचा) शिक्का परवान्याशी आणि बिलाशी ताडून बघा, एक आकडा जरी इकडचा तिकडं असेल तर दुकानातनं बाहेर पडू नका. कोयना, चांदोली, सागरेश्वर यांच्या जवळपास राहणाऱ्यांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या कलम ३४ प्रमाणं अभयारण्यात आणि त्याच्या १० किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकानं वनखात्याकडं नाव नोंदवायचं असतं. आणि शेतीचा परवाना म्हणजे जनावर मारायचा परवाना नव्हे. डुकरासाठीसुद्धा वनखात्याची लेखी परवानगी वेगळी लागते आणि गवा तर त्याच कायद्याच्या शेड्यूल एकमध्ये, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहे, त्याच्याकडं नळी वळवायचीच नाही.

घरी आणल्यावर पहिली गोष्ट: गजावर खूण

बंदूक रिकामी आहे याची खात्री ठासणीत डोळ्यानं होत नाही. काडतुसाची बंदूक मोडून बघता येते, हिला मागनं उघडताच येत नाही. म्हणून नवी नळी नक्की रिकामी असताना, म्हणजे अगदी पहिल्याच दिवशी, गज (दारू-गोळी ठासायची लांब काठी) आत टाका, पार बुडाला टेकू द्या, आणि तोंडाशी गजावर जिथं रेघ येते तिथं ब्लेडनं बारीक खाच पाडा. ही रिकामीची खूण. पुढं कधीही बंदूक हातात घेतली, मग ती दहा मिनिटांपूर्वी तुम्हीच ठेवलेली का असेना, आधी टोपी नाही हे बघायचं, नळी मोकळ्या दिशेला धरायची आणि गज टाकून बघायचं. खूण तोंडाच्या वर राहिली तर आत काहीतरी आहे. गज टाकताना तोंड आणि छाती नळीच्या समोर आणायची नाही, गज दोन बोटांत धरून बाजूनं सोडायचा.

दुसरी खूण नंतर करायची, ठरलेला बार भरल्यावर गज जिथपर्यंत येतो तिथं. ही खूण जिवाची आहे. गोळी दारूवर घट्ट बसली नाही, मध्ये पोकळी राहिली, तर नळी तिथं फुगते किंवा फाटते. मी फुगलेली नळी हातात घेऊन बघितलीय, बाहेरनं बोट फिरवलं की कडं घातल्यासारखं लागतं.

कारखान्याचं ग्रीस काढणं

नवीन नळीत गंज धरू नये म्हणून जाड ग्रीस नाहीतर घट्ट तेल भरलेलं असतं. त्याच्यावरच बार काढला की ग्रीस जळून दारूच्या राखेत मिसळतं आणि जो काय थर बसतो तो काढता काढता नाकीनऊ येतात. जुन्या धोतराच्या नाहीतर सुती साडीच्या चिंध्या करा, पॉलिएस्टर नको, ते पाणी शोषत नाही आणि उष्णतेनं वितळतं. गजाच्या टोकाला चिंधी अडकवायचं पितळी बोंड मिळतं, ते घ्याच, नुसती गुंडाळलेली चिंधी हमखास आत राहते आणि मग ती काढायला अर्धा दिवस जातो.

स्पिरिट नाहीतर थिनर लावून चिंध्या फिरवायच्या, हे काम अंगणात, चुलीपासून आणि बिडी ओढणाऱ्या माणसापासून लांब. चिंधी ग्रीसशिवाय यायला लागली की कोमट पाणी आणि भांड्याचा साबण, मग साधं पाणी, मग कोरड्या चिंध्या. कोरड्या चिंध्या किती, तर शेवटची चिंधी गालाला लावून बघा, जरासुद्धा गार लागली तर अजून ओल आहे. निप्पल (टोपी जिच्यावर बसते ती बारीक भोकाची नळकांडी) पान्यानं खोलून त्याचं भोक सुईनं साफ करा आणि बसवताना त्याच्या पेचाच्या आट्यांना थोडं ग्रीस लावा. निप्पल एकदा गंजून जाम झालं की पाना निसटून त्याचे पैलू झिजतात, मग कारागिराशिवाय निघत नाही.

नळी मऊ करणं

आपल्याकडच्या बहुतेक ठासणीच्या नळ्या आतनं गुळगुळीत असतात, त्यांना ह्या भागाचं फारसं काम नाही. ज्यांच्या नळीत आट्या (आतनं कापलेल्या पीळदार खाचा) आहेत, म्हणजे रायफल आहे, त्यांनी मात्र नीट वाचा. गोल गोळीसाठीच्या रायफलीत आट्यांचा पीळ सावकाश असतो, ४८ इंचात एक फेरा, काहींत ६६ इंचात एक. आट्या कापताना हत्याराची धार पोलादाच्या कडांना बारीक काचऱ्या सोडते. ठासणीच्या रायफलीत गोळी कापडात गुंडाळून घालतात, तर त्या काचऱ्या हे कापड कापतात. कापड कापलं गेलं की गॅस बाजूनं निसटतो, गोळी कधी डावीकडं कधी उजवीकडं, आणि माणूस आपल्या नजरेला दोष देत बसतो.

यावर उपाय सोपा आहे. भांडी घासायची हिरवी घासणी असते ना, तिचा छोटा तुकडा बोंडावर गुंडाळायचा, थोडं तेल लावायचं आणि पूर्ण लांबीनं सावकाश वर-खाली, पन्नासएक फेरे. पॉलिश पेपर, वाळू, व्हॉल्व्हला लावायची ग्राइंडिंग पेस्ट, ह्यातलं काहीही घालू नका, कुणी कितीही छातीठोक सांगू दे. आपल्याला फक्त कडांचा खरखरीतपणा मारायचाय, माप वाढवायचं नाही. आणि गज नळीच्या तोंडाला घासू देऊ नका, बोटांनी मधोमध धरा, कारण गोळी शेवटची नळीला शिवते ती तोंडाशी, तिथली कड एका बाजूनं झिजली तर नेम गेलाच. हे झाल्यावर परत साबणपाणी, घासणीची पूड आत राहता कामा नये.

पहिले बार

कुठं काढायचे? परवान्यात जिथं आणि ज्यासाठी मुभा आहे तिथंच, नाहीतर परवानगी असलेल्या रेंजवर. ओढ्याला नाही, लग्नाच्या वरातीत तर मुळीच नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर आनंदाच्या भरात हवेत बार काढणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद नाहीतर एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

दारू परवानाधारक दुकानातली, काळीच. काडतुसातली बिनधुराची दारू ठासणीत चिमूटभर जरी घातली तरी दाब इतका चढतो की नळी फुटते, माणसाचा हात जातो. घरी कुटलेली दारू हाही तसलाच प्रकार, प्रत्येक वेळी ताकद वेगळी आणि बेकायदा ते वेगळंच. माप मेकरनं जे दिलंय त्याच्या खालच्या टोकापासून सुरुवात करायची, वरच्या टोकाच्या पलीकडं कधीच नाही, आणि दारूच्या डब्यातनं थेट नळीत ओतायची नाही, आधी मापात घ्यायची, मग मापातनं नळीत. आत एखादी ठिणगी असली तर मापातली पेटेल, डबा नाही.

पहिले दहा-पंधरा बार तरी प्रत्येक बारानंतर चिंधी फिरवा, आधी ओलसर, मग कोरडी. ओलसर म्हणजे तोंडातल्या थुंकीइतकी, टपकणारी नाही, नाहीतर पाणी बुडाशी साचतं आणि पुढची दारू भिजते. ह्यानं दोन कामं होतात, राखेचा थर वाढत नाही आणि आत धुमसत राहिलेला कण विझतो. रायफलवाल्यांनी पुढं दहा-पंधरा पावलांवर पडलेली गोळीची कापडं गोळा करून आणायची, अगदी न चुकता. कापडावर आट्यांचे ठसे एकसारखे आणि कापड शाबूत असेल तर छान. रेघेरेघेनं फाटलंय म्हणजे कडा अजून धारदार आहेत. मधोमध जळून भोक पडलंय म्हणजे कापड पातळ आहे नाहीतर वंगण कमी पडलंय. मी तर ही कापडं वहीत चिकटवून ठेवतो, तारीख घालून. पन्नास-साठ बार झाले की फरक डोळ्याला दिसतो, गज पण आत हलका जायला लागतो.

वंगणासाठी बाजारातलं काही मागवायची गरज नाही. मधमाशीचं मेण आणि खोबरेल एकत्र गरम करून थंड केलं की मलमासारखं होतं, ते कापडाला चोळायचं. उन्हाळ्यात मेण जरा जास्त, थंडीत कमी. असल्या नैसर्गिक तेलानं राख मऊ राहते.

टोपी वाजली पण बार उडाला नाही, तर नळी तशीच मोकळ्या दिशेला धरून कमीत कमी एक मिनिट थांबायचं. मनात साठ मोजा. ह्या एका मिनिटाची घाई कुणी करू नये म्हणून मी हे मुद्दाम वेगळं लिहितोय.

त्याच रात्रीची धुलाई

ह्याच्यासाठी हा सगळा लेख. उद्या सकाळी नाही, जेवण झाल्यावर बघू नाही, आल्या आल्या. आमचे आबा म्हणायचे, बैल आधी, माणूस मग. शेतावरनं आल्यावर आधी बैलाला पाणी दाखवायचं, मग आपण हातपाय धुवायचे. बंदुकीचंही तेच.

नळी लाकडातनं पाचर काढून सुटी होत असेल तर सोपं आहे. निप्पल काढा, बादलीत कोमट पाणी आणि साबण, नळीचं बूड बादलीत ठेवा आणि घट्ट चिंधी लावून गज वर-खाली करा. निप्पलच्या भोकातनं पाणी पंपासारखं आत ओढलं जातं आणि बाहेर फेकलं जातं. पहिलं पाणी काळंकुट्ट येतं, वास कुजक्या अंड्यासारखा, तो गंधकाचा. पाणी बदला, परत करा. दुसरं करडं, तिसरं जवळजवळ स्वच्छ. नळी पिनांनी पक्की बसवलेली असेल तर उगीच पिना ठोकू नका, निप्पलचं भोक काडीनं बुजवा, लाकडाला फडकं गुंडाळा, नळीत पाणी ओता, अंगठ्यानं तोंड दाबून हलवा, ओतून द्या, असं चार-पाच वेळा.

काही नळ्यांत बुडाशी कोठी, म्हणजे दारू बसते ती जागा, अरुंद असते, मोठी चिंधी तिथवर पोचत नाही. वरनं नळी आरशासारखी आणि खाली कोठीत सगळा मळ. त्यासाठी बारीक ब्रश ठेवा, माझ्या नळीतले खड्डे बरोबर तिथंच आहेत.

पाणी उकळतं घ्यावं असं जुनी माणसं सांगतात, नळी तापते आणि पटकन वाळते म्हणून. वाळते खरी, पण तापलेल्या ओल्या लोखंडावर मिनिटा-दोन मिनिटांत नारिंगी झाक चढते. बंबातलं अंघोळीचं पाणी असतं तेवढंच कोमट पुरे. मग कोरड्या चिंध्या, गालाची परीक्षा, दहा मिनिटं वाऱ्याला, परत एक कोरडी चिंधी, आणि मग तेल. इथं खोबरेल किंवा शेंगतेल नको, ते ठेवणीत चिकट होतं, गोंदासारखं. बंदुकीचं तेल, नाही मिळालं तर शिलाई मशीनचं. चिंधी ओली दिसेल एवढंच, नळीतनं ओघळ आला म्हणजे जास्त झालं. लाकडाला वर्षातनं दोनदा जवसाच्या तेलाचा हात.

दुसऱ्या दिवशी पांढरी चिंधी फिरवा, आणि परत तिसऱ्या दिवशी. तपकिरी डाग आला तर राख राहिलीय, परत पाणी. डाग नाही आला तर परत तेल आणि सुट्टी. किती दिवसांनी बघायचं हे तुम्ही कुठं राहता त्यावर. कोयनानगर-महाबळेश्वरकडं वर्षाला ५००० मिमीच्या घरात पाऊस, तिथं जून ते सप्टेंबर दर आठवड्याला. आटपाडी-जतकडं ५०० मिमीच्या आसपास, तिथं महिन्यानं बघितलं तरी चालतं. एकच नळी, एकच तेल, पण दोन गावांत तिचं आयुष्य वेगळं.

तव्यासारखी नळी

बिडाच्या तव्याला जसं तेल पाजून पाजून काळं करतात तशी नळीही तेल-चरबी जाळून तयार करायची, धुवायची नाही, असं पुष्कळजण सांगतात. तवा रोज चुलीवर असतो, त्यावर तेलाचा थर भाजून पक्का होतो आणि त्यावर क्षार नसतात. नळीत जो काळा थर दिसतो तो राख आणि जळकं तेल आहे, त्याच्या खाली ओल धरते. आजच्या पोलादाला असं काही पाजावं लागत नाही. माझं स्पष्ट मत आहे, नळी तयार होते ती कडा घासल्यानं आणि वेळच्या वेळी धुतल्यानं.

ठेवणं, जमा करणं, पुजणं

कुलपात, आणि दारू-टोप्या वेगळ्या कुलपात. गवसणीत घालून ठेवू नका, कापड ओल धरतं. नळी तोंड खाली करून उभी ठेवा, खाली फडक्याची घडी. तोंड वर ठेवलं की तेल ओघळून बुडाशी, निप्पलमध्ये आणि लाकडात उतरतं.

निवडणूक लागली की बंदूक पोलीस स्टेशनला जमा करायची नोटीस येते, आणि ती तिथं महिना-दोन महिने राहते. तिथं तुमच्या नळीला कोण तेल लावणार? म्हणून जमा करण्याआधी परत धुवून, वाळवून, नेहमीपेक्षा जाड तेल किंवा पातळ ग्रीस लावा, निप्पल साफ करून लावा, नळीचा फोटो काढून ठेवा आणि पावती नीट जपा. परत आणली त्या दिवशीच आतनं बघा.

खंडेनवमीला आपण बंदूक पुजतो, पुजायलाच हवी. पण हळद-कुंकू आणि झेंडूचं पाणी नळीवर रात्रभर राहिलं की सकाळी डाग. आरती झाली की संध्याकाळी पुसून तेलाचा हात फिरवा.

नळी फुगली, निप्पलच्या आट्या गेल्या, घोडा अर्ध्यावर धरत नाही, तर गावातल्या वेल्डिंगवाल्याकडं नेऊ नका. दुरुस्तीलाही कायद्यानं परवाना लागतो आणि नळी आखूड करणं तर वेगळाच गुन्हा. परवानाधारक कारागीरच गाठा.

आणि पुढच्या वेळी बार भरायच्या आधी तेल काढायला विसरू नका, तेलानं भिजलेली दारू पेटत नाही. दोन कोरड्या चिंध्या फिरवा, गज टाकून नळी रिकामी असल्याची खूण बघा, मग बाहेर मोकळ्या जागी नळीचं तोंड जमिनीकडं, गवताच्या एखाद्या पात्याजवळ धरा आणि नुसती टोपी लावून वाजवा. पातं हललं तर वाट मोकळी आहे. नाही हललं तर दुसरी टोपी, आणि तरी नाही हललं तर निप्पल खोलून सुई घ्या.